भरती-ओहोटीच्या खाली आणखी एक ओळ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते. जागा कमी पडली तर मधलं कापा, पण शेवटी जी मागणी केलीय ती तेवढी कापू नका.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर एक व्हिडिओ आला. रात्रीची वेळ, मांद्रेच्या बाजूचा किनारा, आणि लाट फुटते तिथे निळा उजेड. खाली लिहिलेलं की जहाजातून केमिकल सोडलंय, पोरांना पाण्यात उतरू देऊ नका, चार दिवस मासळी खाऊ नका, सगळ्यांना पाठवा. सगळ्यांनी पाठवलं. सकाळपर्यंत तोच व्हिडिओ मला पाच ठिकाणांहून आला, त्यातल्या एका ग्रूपवर तर चांगली शिकलेली माणसं आहेत, आणि दारावर मासळी घेऊन येते ती बाई पाटी टेकवून म्हणाली, "बाय, आज बांगड्यांक कोण हात लायना गो." तिचं त्या दिवसाचं नुकसान कोण भरून देणार? ज्याने फॉरवर्ड केलं त्याला त्याचा पत्ताही नाही.

मी ३१ वर्षं हायर सेकंडरीत बायोलॉजी शिकवलं, आता रिटायर आहे, त्यामुळे मला गप्प बसवेना. त्याच संध्याकाळी शेजारचा सहावीतला मुलगा आणि माझी भाची अशा दोघांना घेऊन किनाऱ्यावर गेले, चांगला काळोख पडेपर्यंत थांबलो आणि टॉर्च बंद केली. ओल्या वाळूवर पाय टेकला की पायाभोवती उजेड सांडायचा. बादलीत पाणी घेऊन हात फिरवला तर बोटांच्या मागे निळी रेघ. दोन बाटल्या भरून घरी आणल्या आणि माझ्या जुन्या मायक्रोस्कोपखाली एक थेंब ठेवला.

खरं म्हणजे मायक्रोस्कोपशिवायही दिसत होतं. बाटली दिव्यासमोर धरली की रव्याच्या कणाएवढे पारदर्शक गोळे तरंगताना दिसायचे. नॉक्टिल्युका. नावाचा अर्थच रात्रीचा दिवा. एकाच पेशीचा जीव, फुग्यासारखा गोल, एका बाजूला खाच, आणि त्या खाचेतून शेपटीसारखा एक धागा सावकाश हलत असतो. ४० पट मोठं करून पाहिलं तेव्हा एका गोळ्याच्या पोटात डायटमची, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालाची, अख्खी साखळी पडलेली दिसली, काचेच्या मण्यांची माळ असावी तशी, तपकिरी, अजून पचायची होती. मुलगा म्हणाला, "टीचर, हे ह्याने गिळलंय?" मी म्हटलं हो, गिळलंय. तर लगेच दुसरा प्रश्न, "मग ह्याला कोण खातं?"

संपादक महाशय, माझी ३१ वर्षं मुलांकडून हा प्रश्न यावा म्हणून वाट बघण्यात गेली आणि तो रिटायर झाल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. आपल्याकडे समुद्राची बातमी आली की पाणी स्वच्छ आहे की घाण एवढंच विचारतात. पाण्यात कोण कोणाला खातंय हे कोणी विचारत नाही, आणि समुद्राचा सगळा कारभार तर त्यावरच चालतो.

आधी ते केमिकलचं बघू. किनाऱ्यावर रात्री दिसणारा हा उजेड बऱ्याचदा नॉक्टिल्युकाचा किंवा त्याच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या एकपेशीय जीवांचा असतो. पेशीला धक्का बसला, लाटेचा, माशाचा, तुमच्या पायाचा, की तिच्या आतली रसायनं एकत्र येऊन क्षणभर उजेड पडतो. तो कशाला पडतो यामागे एक मोठी छान कल्पना आहे. ह्यातल्या लहान जीवांना खायला कोपेपॉड येतात, म्हणजे कोळंबीच्या वंशातले पण तिळापेक्षा लहान प्राणी. कोपेपॉडने पकडलं की पेशी चमकते, आणि त्या उजेडात कोपेपॉडच उघडा पडतो, मग त्याला खाणारा मासा त्याला टिपतो. रात्री घरात चोर शिरला आणि आपण दिवे लावून आरडाओरडा केला तर शेजारी धावून येतात ना, तसंच. प्रयोगशाळेतल्या टाक्यांमध्ये हे करून पाहिलंय, चमकणारे जीव पाण्यात असले तर अंधारातही माशांना आणि माकुलांना भक्ष्य जास्त सापडतं. म्हणजे आपण ज्याला केमिकल म्हणून घाबरलो ती एका शिकारीच्या वेळी मारलेली हाक होती.

हे सगळं निर्धोक आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. नॉक्टिल्युका विष बनवत नाही पण अंगात अमोनिया साठवतो, आणि फार माजला, पाणी दाट झालं, की त्या अमोनियाने आणि नंतर त्याच्या कुजण्याने मासे मरू शकतात. म्हणूनच नुसतं घाबरून किंवा नुसतं व्हिडिओ काढून चालत नाही, किती आहे आणि का आहे हे कळलं पाहिजे.

आता त्या मुलाचा प्रश्न. मी त्याला स्वयंपाकघरातून एक चमचा आणायला सांगितला. चहाचा चमचा भरून समुद्राचं पाणी घेतलं तर त्यात साधारण ५० लाख बॅक्टेरिया असतात. व्हायरस त्याच्या दहापट, म्हणजे ५ कोटींच्या आसपास. आणि त्या बॅक्टेरियांना खाणारे, शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव, फ्लॅजेलेट म्हणतात त्यांना, ते काही हजार. हे फ्लॅजेलेट इतके लहान की मिलिमीटरच्या रेघेत दोनशे-तीनशे मावतील, आणि तरी हे वाघ आहेत. तासाला दहा-वीस बॅक्टेरिया सहज फस्त करतात. त्यांना खातात सिलिएट, अंगभर केस असलेले, गरगर फिरत पाणी ओढून घेणारे. सिलिएटना खातात कोपेपॉड. कोपेपॉडना खातो बांगडा. आणि बांगड्याचं हुमण करून आपण खातो. आमच्या घरी तरी आठवड्यातून चार दिवस.

मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या पुस्तकात हे नव्हतं. पुस्तकात सरळ साखळी होती, वनस्पती, मग छोटे प्राणी, मग छोटे मासे, मग मोठे मासे, बॅक्टेरिया म्हणजे मेलेलं कुजवणारे, विषय संपला. १९७४ साली लॉरेन्स पोमरॉय यांनी लिहिलं की बाबांनो, समुद्रातल्या अन्नाचा मोठा वाटा ह्या न दिसणाऱ्या जीवांमधून फिरतो, आणि १९८३ मध्ये फारूक आझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला मायक्रोबियल लूप असं नाव दिलं. म्हणजे शैवालातून पाण्यात जे विरघळून जातं, वाया गेलं असं वाटतं, ते बॅक्टेरिया पकडतात आणि बॅक्टेरियांना खाणारे ते परत वर, माशांच्या दिशेने नेतात. वाया काही जात नाही. माझी आजी पेज काढल्यावर निवळसुद्धा टाकायची नाही, तिला हे एका वाक्यात समजलं असतं.

आणि जे शैवाल आपण पुस्तकात बघतो ते तर मोठे. समुद्रात सगळ्यात जास्त संख्येने असलेला, सूर्यप्रकाशावर जगणारा जीव आहे प्रोक्लोरोकोकस, मिलिमीटरच्या रेघेत दीड हजारांच्या वर मावतील एवढा, आणि तो १९८० च्या दशकापर्यंत कोणाला माहीतच नव्हता, १९८८ साली त्याच्यावर पहिला पेपर आला. विचार करा, माणूस १९६९ ला चंद्रावर जाऊन आला आणि पृथ्वीवरचं सगळ्यात जास्त पसरलेलं हिरवं आपल्याला त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी सापडलं. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातलं अर्धं समुद्रात होतं, हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलं खिडकीबाहेरच्या आंब्याच्या झाडाकडे बघायची, समुद्राकडे कोणी बघायचं नाही.

व्हायरसचं नाव काढलं की लोक कोविड आठवतात आणि तोंड वाकडं करतात, मला ते समजतं, त्या काळात आमच्याही घरातलं माणूस गेलं. पण समुद्रातले बहुतेक व्हायरस माणसाच्या वाटेला जात नाहीत, त्यांची शिकार बॅक्टेरिया आणि शैवाल. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या वजनापैकी सुमारे २० टक्के रोज, हो रोज, व्हायरस मारतात असा अंदाज आहे. ऐकताना भयंकर वाटतं. पण त्यातूनच एक मोठी गोष्ट होते आणि ती समजायला गोव्याचा माणूस लायक आहे कारण आपल्याकडे जुनं गोवें आहे. एका काळी एवढं मोठं शहर, दाट वस्ती, आणि त्या दाटीतच पटकी-हिवतापाच्या साथी आल्या, पुन्हा पुन्हा आल्या, लोक सोडून गेले आणि शेवटी १८४३ ला पणजी अधिकृत राजधानी झाली. गर्दी जास्त तिथे साथ लवकर पसरते. समुद्रात व्हायरसचंही तेच. एखाद्या जातीचे बॅक्टेरिया फार वाढले, सगळं अन्न आपल्याकडे ओढायला लागले, की त्यांचे व्हायरस त्यांच्यावर तुटून पडतात कारण पुढची पेशी अगदी शेजारीच मिळते. जी जात विरळ आहे ती वाचते. ह्याला शास्त्रज्ञ 'जिंकणाऱ्याला मारा' असं म्हणतात, नॉर्वेच्या थिंगस्टाड यांनी १९९० च्या दशकात मांडलं. म्हणजे कोणी एकटा सगळं पाणी बळकावू शकत नाही आणि त्यामुळे दुर्बळांनाही जागा राहते. हचिन्सन ह्या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये विचारलं होतं की एकाच पाण्यात, त्याच चार-पाच खतांवर, प्लँक्टनच्या, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, एवढ्या जाती एकत्र राहतात कशा, सगळ्यात जोरदार जातीने बाकीच्यांना हाकलून द्यायला नको का? ह्या कोड्याची उत्तरं अनेक आहेत, पण शिकारी हे त्यातलं एक मोठं उत्तर आहे. विविधता टिकते कारण खाणारे आहेत. हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेन.

आता थोडं घरचं सांगते. माझं आजोळ आगरवाड्याचं, मिठागरवाल्यांच्या घरातलं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलं बांधावरून धावायचो. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचे, ते पहिल्या मोठ्या खाचरात साठायचं, तिथे सुंगटं म्हणजे कोळंब्या, बारीक मासे, शेवाळ सगळं असायचं. मग पाणी पुढच्या खाचरात, मग त्याच्या पुढच्या, प्रत्येक ठिकाणी उन्हाने आटून जास्त खारट, आणि प्रत्येक ठिकाणी जीव कमी कमी होत जायचे. शेवटच्या खाचरात मासा नाही, सुंगट नाही, काही नाही, आणि पाण्याला तांबूस-गुलाबी रंग चढायचा. आजोबा म्हणायचे पाणी तांबडं झालं, आता मीठ धरणार. मला तेव्हा वाटायचं मातीचा रंग असेल. कितीतरी वर्षांनी शिकले की तो रंग जिवंत आहे, फक्त अतिखाऱ्या पाण्यातच जगणारे सूक्ष्म जीव असतात त्यांच्या अंगातला लाल रंग, आणि लालसर पाणी ऊन जास्त धरतं. आजोबांना जीव माहीत नव्हते पण त्यांची खूण बरोबर होती.

स्पेनमधल्या मिठागरांत १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी खाचरागणिक मोजलं की बॅक्टेरियांना कोण मारतं. कमी खारट पाण्यात फ्लॅजेलेट आणि सिलिएट खातात. मीठ साधारण २५ टक्क्यांच्या वर गेलं की हे खाणारे थांबतात, त्यांना ते पाणी सोसत नाही, आणि मग शिकारी म्हणून राहतात ते व्हायरस. बांधावरून शंभर पावलं चाललात तर वाघ बदलतो! आपल्या गोव्यात अशी मिठागरं अजून आहेत, आगरवाड्याला, रायबंदरला, शिरदोणला, पण दर वर्षी कुठलं ना कुठलं खाचर पडीक होतं आणि लोक म्हणतात मीठ परवडत नाही. परवडत नाही हे खरंच आहे. पण एका किलोमीटरच्या आत जीवसृष्टीचे चार मजले दाखवणारी दुसरी शाळा मला तरी माहीत नाही, आणि आपण मुलांना बसमध्ये घालून वॉटर पार्कला नेतो, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खाजनांचंही, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या आपल्या सखल शेतांचंही, तसंच. १९३४ साली रशियाच्या गॉज यांनी काचेच्या नळीत एक प्रयोग केलेला. पॅरामिशियम नावाचा एकपेशीय जीव आणि त्याला खाणारा डिडिनियम, दोघांना एकत्र ठेवलं. डिडिनियमने सगळे पॅरामिशियम खाऊन टाकले आणि मग खायला काही उरलं नाही म्हणून स्वतःही उपाशी मेला. नळी रिकामी. मग गॉजनी दुसऱ्या नळीत तळाला थोडा गाळ टाकला, लपायला जागा मिळाली, आणि तिथे काही पॅरामिशियम वाचले. हे जीव गोड्या पाण्यातले, पण गोष्ट सगळीकडची. लपायला जागा असली तर भक्ष्य उरतं. खारफुटीची मुळं, मानशीच्या आतलं शांत पाणी, पोयीतला, म्हणजे मानशीजवळच्या तळ्यातला, गाळ ह्या सगळ्या आपल्या लपायच्या जागा आहेत, सुंगटांच्या पिल्लांपासून सिलिएटपर्यंत सगळ्यांच्या. जेसीबी लावून भराव टाकतो तेव्हा आपण नळीतला गाळ काढून घेत असतो.

मासेमारीबंदीबद्दलही एक सांगायचंय कारण दर वर्षी १ जून आला की रापणकार आणि ट्रॉलरवाले दोघांचं भांडण आपल्याच पेपरात येतं. ६१ दिवस बंदी कशाला, काय फरक पडतो, असं विचारतात. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी जवळजवळ थांबली होती. युद्ध संपल्यावर उंबेर्तो दांकोना ह्या इटालियन माणसाने तिथल्या बंदरांवरच्या मासळीचे आकडे काढले तर मोऱ्या-पाकटांसारख्या शिकारी माशांचं प्रमाण युद्धकाळात वाढलेलं. त्याला कारण कळेना म्हणून त्याने गणितज्ञ व्होल्टेरा यांना विचारलं आणि १९२६ मध्ये त्यांनी समीकरणं मांडली. अमेरिकेत लोटका यांनी तशीच थोडी आधी मांडली होती. भक्ष्य वाढलं की शिकारी वाढतात, शिकारी वाढले की भक्ष्य कमी होतं, मग शिकारी उपाशी, मग पुन्हा भक्ष्य वाढतं, असा झोपाळा. आणि दोघांनाही सारखं पकडत राहिलं तर मार बसतो तो शिकाऱ्यांना जास्त. मासळीबाजारातून निघालेलं हे गणित आज बॅक्टेरिया आणि व्हायरससाठीही वापरतात. तेव्हा बंदीने काय फरक पडतो हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे, आणि कोणी तरी बंदरावर बसून रोजचे आकडे लिहून ठेवले होते म्हणून त्याला उत्तर मिळालं. माझ्या मागणीचं मूळ इथेच आहे.

पण त्याआधी अरबी समुद्राच्या उत्तर भागात काय झालंय ते वाचकांना कळलं पाहिजे. पूर्वी तिथे हिवाळ्यात, वरचं पाणी थंड होऊन खालची खतं वर आली की डायटम बहरायचे. ह्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या जागी हिरवा नॉक्टिल्युका प्रचंड पसरायला लागला, ओमानपासून भारताच्या बाजूपर्यंत, उपग्रहातून दिसेल एवढा. हिरवा का, तर त्याच्या पोटात हजारो सूक्ष्म हिरवे शैवाल राहतात. भाटकार-मुंडकारासारखं नातं म्हणा, जागा ह्याची, राखण आणि उत्पन्न त्यांचं. ते उन्हात अन्न बनवतात, हा ते वापरतो, आणि वर स्वतः डायटमही गिळतो. म्हणजे शेतीही करतो आणि शिकारही. अशा जिवाशी डायटमने स्पर्धा करायची कशी? शिवाय हा मोठा, कोपेपॉडना सहसा झेपत नाही, त्याला खाणारे म्हणजे साल्प, जेलीसारखे पारदर्शक प्राणी असतात ते, आणि जेलीफिश, आणि ते आपल्या बांगड्या-तारल्यांच्या कामाचे नाहीत. हा बदल का झाला, समुद्र तापतोय म्हणून, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला म्हणून, की खतांचं प्रमाण बदललं म्हणून, ह्यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद चालू आहे. पण खालच्या पायरीवरचा एक शिकारी बदलला की वरच्या पायऱ्या हलतात ह्यावर वाद नाही.

आपल्या किनाऱ्यावर तर पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, खालून कमी ऑक्सिजनचं पाणी वर चढतं. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पट्टा जगातल्या मोठ्यात मोठ्या अशा पट्ट्यांपैकी आहे, आणि इथल्याच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, म्हणजे एन.आय.ओ.च्या, शास्त्रज्ञांनी २००० साली तो जगासमोर मांडला. त्या दिवसांत किनाऱ्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, कधी मेलेली मासळी लागते. त्यात निसर्गाचा भाग आहेच. पण खतं आणि सांडपाणी सोडून आपण त्यात भर घालतो. समुद्र सगळं गिळतो असं आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे, आणि ते अर्धं खरं आहे, सांडपाण्यातले बॅक्टेरिया खाऱ्या पाण्यात गेले की ऊन, मीठ आणि मुख्य म्हणजे ते फ्लॅजेलेट त्यांना संपवतात. कोणीतरी प्रत्यक्ष बसून खातं तेव्हा पाणी निवळतं. पण ह्या खाणाऱ्यांनाही श्वास घ्यावा लागतो, आणि घाण एका मर्यादेपलीकडे गेली की ऑक्सिजनच उरत नाही. आमच्या घरामागच्या नाल्यात रात्री टँकर रिकामा होतो, तो नाला पुढे नदीला मिळतो, नदी समुद्राला. दोनदा लेखी तक्रार केली, पोच मिळाली, माणूस आला नाही. मी तिसऱ्यांदा करणार आहे.

आता मागणी. आपल्या पेपरात रोज भरती-ओहोटीच्या वेळा येतात, सूर्योदय-सूर्यास्त येतो, तापमान येतं. त्याच्याच खाली एक ओळ द्या, पाण्यात सध्या काय आहे ह्याची. अमुक किनाऱ्यावर नॉक्टिल्युका, मध्यम. बाहेर खोल पाण्यात ट्रायकोडेस्मियम नावाच्या सूक्ष्म जीवांचे पट्टे, लाकडाच्या भुशासारखे, एप्रिल-मेमध्ये येतात ते, घाबरू नका. पाण्यात ऑक्सिजन कमी, कालवं-शिणाणे काढताना जपून. एवढंच, दहा-बारा शब्द. रोज नको, आठवड्यातून एकदा चालेल. माहिती कुठून आणायची म्हणाल तर दोना पावलाला तीच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली, तिचे लोक १९९७ पासून कांदोळीसमोर एका ठरलेल्या जागी जाऊन पाणी तपासतायत. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था उपग्रहाने समुद्राचा रंग आणि तापमान बघून मच्छीमारांना मासळी कुठे मिळेल ते सांगते, शैवालाच्या ब्लूमची, म्हणजे ते एकदम माजण्याचीही, माहिती देते. हे सगळं लोकांच्याच पैशातून होतं, फक्त ते लोकांच्या भाषेत, चहाच्या वेळी हातात येत नाही. ते काम पेपरचं आहे. ही एक ओळ त्या दिवशी छापलेली असती तर आमच्या मासळीवालीची पाटी तशीच परत गेली नसती. शास्त्रीय नावं मराठीत कशी लिहायची, सोपं कसं करायचं ह्यासाठी मदत हवी असेल तर मी फुकट करीन, माझ्यासारखे अजून चार-पाच रिटायर शिक्षक आहेत, आम्ही वाटून घेऊ.

शेजारच्या त्या मुलाने एक वही केलीय. दर शनिवारी तो किनाऱ्यावरून बाटली आणतो, आम्ही थेंब बघतो, जे दिसेल त्याचं तो पेन्सिलने चित्र काढतो आणि किती मोजले ते लिहितो. गेल्या शनिवारी नॉक्टिल्युका दोनच मिळाले, डायटम बरेच, आणि एक सिलिएट इतक्या जोरात फिरत होता की त्याचं चित्र अर्धंच राहिलं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तो आपल्या पेपरातलं भरती-ओहोटीच्या वेळांचं कात्रण चिकटवतो. त्याच्या खाली त्याने पट्टीने एक रकाना आखून ठेवलाय, अजून रिकामा आहे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, पेडणे